हरणांचा झिजरोग आणि सोलापूरचा माळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं हरीण, कान लोंबलेले, तोंडातून लाळेची तार, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं: "नान्नजच्या माळावर झोंबी हरीण, सावध राहा." उत्तर सोलापूर तालुक्यात मी जनावरांवर उपचार करतो. त्यामुळे व्हिडिओ माझ्याकडे येतो आणि मागोमाग प्रश्नही. एकदा तो नीट थांबवून बघा. त्या हरणाच्या शिंगांना फाटे आहेत आणि मागे बर्फ आहे. आपल्या काळविटाचं शिंग पिळाचं असतं, त्याला फाटा नसतो. तो प्राणी आपल्या माळावरचा नाही. पण तो रोग खरा आहे, आणि लोक विचारतात ते प्रश्नही रास्त आहेत. मेंढपाळ, शेतकरी, पक्षी बघायला येणारी मंडळी, परदेशात मुलं असलेले आईवडील यांनी पुन:पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. डॉक्टर, हा "झोंबी हरीण" रोग म्हणजे नेमकं काय?

त्याचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी. मराठीत झिजरोग म्हटलं तर अर्थ बरोबर पोचतो. हा प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा रोग आहे. मेंदूच्या पेशी मरत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजासारखा भोकाभोकांचा दिसतो. लागण झाल्यावर दीड-दोन वर्षं हरीण वरून ठणठणीत दिसतं. मग ते वाळायला लागतं, कळपापासून वेगळं पडतं, माणसाला बुजेनासं होतं, पाणी फार पितं, लाळ गाळतं, चालताना झोकांड्या देतं. लक्षणं दिसल्यावर काही महिन्यांत मरतं. एकही वाचत नाही. "झोंबी" हा शब्द मला आवडत नाही, कारण त्यानं लोकांच्या मनात आजारी जनावराऐवजी भूत उभं राहतं.

२. प्रायॉन हा विषाणूच ना? मग लस का निघत नाही?

विषाणू नाही, जिवाणूही नाही. प्रायॉन हे नुसतं प्रथिन आहे. त्याचं चांगलं रूप आपल्या, गायीच्या, हरणाच्या सगळ्यांच्याच मेंदूत असतं आणि निरुपद्रवी असतं. प्रथिन म्हणजे लांब साखळी. तिची घडी ठरलेल्या पद्धतीनं पडते. रोगात ही घडी चुकते, आणि चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तीच चुकीची घडी घालतं. दुधाला विरजण लागावं तसं हे पसरतं. फरक इतकाच की विरजणात जिवंत जंतू असतात, इथे जिवंत असं काहीच नाही. म्हणून प्रतिजैविकांचा उपयोग शून्य. हे प्रथिन शरीराचंच असल्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही, म्हणून ताप नाही, सूज नाही आणि परिणामकारक लसही अजून नाही. ही कल्पना मांडणारे आणि १९८२ मध्ये "प्रायॉन" हा शब्द घडवणारे स्टॅन्ली प्रुसिनर यांना सुरुवातीला फार विरोध झाला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

३. आपल्या जिल्ह्यात हा रोग आलाय का?

नाही. भारतात आजवर एकाही हरणात हा रोग सिद्ध झालेला नाही.

यात आपल्या भाषेतली एक गोम आहे. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. पण ही दोन वेगळी घराणी आहेत. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची, बहुतेकांची फाट्यांची, आणि ती गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा हे कुरंग. त्यांचं शिंग आतल्या हाडाच्या गाभ्यावर टोपीसारखं बसलेलं असतं, जन्मभर टिकतं, आणि नात्यानं ते गाय-शेळीच्या कुळातले. निसर्गात सीडब्ल्यूडी आजवर फक्त सारंगांमध्ये सापडला आहे: म्यूल डियर, पांढऱ्या शेपटीचं हरीण, एल्क, मूस, रेनडियर, रेड डियर, सिका.

नान्नज, मार्डी, मोहोळ, करमाळा या भागात गवताळ माळावर जे कळप दिसतात, ज्वारीत शिरतात म्हणून ज्यांच्यावर शेतकरी चिडतात, ती काळविटं. म्हणजे सोलापूरचं "हरीण" हे या रोगाच्या अर्थानं हरीणच नाही.

४. म्हणजे काळविटाला प्रायॉनचा रोग कधीच होणार नाही, असं समजायचं?

असं मी म्हणणार नाही. १९८६ पासून ब्रिटनमध्ये गायींचा मॅड काऊ रोग पसरला तेव्हा तिथल्या प्राणिसंग्रहालयांत न्याला, कुडू, एलंड, ओरिक्स असे कुरंगही प्रायॉनच्या रोगानं मेले. त्यांच्या खाद्यात मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा चुरा होता. गवत खाणाऱ्या प्राण्याला माणसानं मांस खाऊ घातलं, त्याचं हे फळ. म्हणून काळविटाला सीडब्ल्यूडी झाल्याची नोंद नाही हे खरं, पण त्याचं कुळ प्रायॉनपुढे अभेद्य आहे असं नाही. खाद्याबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे.

५. सुरुवात कुठे झाली आणि इतका पसरला कसा?

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल डियर कारण न कळता वाळून मरू लागली. आधी वाटलं, कोंडल्याचा ताण असेल, चारा मानवत नसेल. १९७०च्या दशकाच्या शेवटी बेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेनं त्या हरणांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगात दिसतात तशी भोकं तिला दिसली. दहा वर्षं डोळ्यांसमोर मरणाऱ्या जनावरांचा मेंदू तोवर कुणी त्या नजरेनं पाहिलाच नव्हता. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

१९८१ मध्ये कोलोरॅडोतल्याच रानटी एल्कमध्ये रोग सापडला. पुढची वीसेक वर्षं तो कोलोरॅडो-वायोमिंगच्या आसपास रेंगाळला. मग २००२ मध्ये तो एकदम मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, विस्कॉन्सिनमध्ये दिसला. इतक्या लांब हरीण चालत जात नाही. पाळीव हरणांची खरेदी-विक्री, ट्रकमधून नेलेली जनावरं, शिकार करून घरी नेलेली धडं यांतून रोग लांब उडी मारतो. जवळच्या भागात तो हरणांच्या पायानं पसरतो. आज अमेरिकेतली तीसहून अधिक राज्यं आणि कॅनडाचे पाच प्रांत बाधित आहेत. २०२३ मध्ये तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही सापडला.

दक्षिण कोरियाची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल प्रश्न १५ पाहा. नॉर्वेबद्दल प्रश्न १४.

६. एका हरणाचा दुसऱ्याला लागतो कसा? चावून?

चावायची गरज नाही. लाळ, मूत्र, लेंड्या, रक्त, सगळ्यात प्रायॉन असतात, आणि लक्षणं दिसायच्या कितीतरी आधीपासून बाहेर पडत असतात. एकाच ठिकाणी चारा टाकला, मिठाची चाट ठेवली, की तोंडाला तोंड लागतं.

पण खरी अडचण मातीची आहे. प्रायॉन मातीला, विशेषतः चिकणमातीतल्या काही खनिजांना घट्ट चिकटतो आणि चिकटल्यावर निष्प्रभ होण्याऐवजी तोंडावाटे जास्त लागू पडतो. कोलोरॅडोत एका प्रयोगात असं दिसलं की ज्या आवारात दोनेक वर्षांपूर्वी बाधित हरणांची विष्ठा पडली होती किंवा त्यांचं धड कुजलं होतं, तिथे निरोगी हरणं सोडल्यावर त्यांनाही लागण झाली. आइसलँडमध्ये मेंढ्यांचा स्क्रेपी सोळा वर्षांनंतरही जुन्या गोठ्यातून परत उठल्याची नोंद आहे. उन्हानं बहुतेक विषाणू मरतात. या प्रथिनाला त्याचं फारसं काही नाही.

७. मे महिन्यात रस्त्याकडेला लाळ गळणारं, गोल फिरणारं काळवीट पाहिलं. तोच रोग होता का?

नाही. पण तुम्ही पाहिलं ते त्याहूनही तातडीचं असू शकतं.

आपल्याकडे अशा काळविटाच्या बाबतीत मी या क्रमानं विचार करतो: रेबीज, फवारणी केलेलं पीक खाऊन झालेली विषबाधा, लाळ्या-खुरकूत, वाहनाची धडक लागून डोक्याला मार, आणि उन्हानं पाणी आटल्यामुळे आलेली ग्लानी. सीडब्ल्यूडीत जनावर महिनोन्महिने झिजत जातं. काल कळपात उड्या मारणारं आणि आज झोकांड्या देणारं जनावर त्या रोगाचं नसतं.

मार्डीच्या अलीकडे एका नराला मी असंच पाहिलं. दुपारी दोनची वेळ, मागच्या पायात जोर नव्हता, आवाज घोगरा, आणि भोवती पंधरा-वीस माणसं मोबाईल धरून उभी. एका पोरानं कळवळून त्याचं तोंड उघडून बाटलीनं पाणी पाजलं होतं. माया खरी होती, पण त्याच्या बोटाला कापलेलं होतं आणि हात लाळेनं ओला. त्याला तिथेच बोअरच्या नळावर साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायला लावला आणि लशीसाठी सरळ सरकारी दवाखान्यात धाडलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, लस वेळेत घेतली तर वाचतो.

दुसरी गोष्ट. काळविटाचा जीव नाजूक. पाठलाग करून, पाय बांधून धरलं की भीतीनं आणि धावपळीनं त्याचे स्नायू आतून फुटतात आणि काही तासांत किंवा दिवसांत ते मरतं. वाचवायला गेलेल्या हातांनीच कितीतरी काळविटं मेलेली मी पाहिली आहेत. लांब थांबा, कुत्री हाकला, गर्दी पांगवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

८. आमच्या शेळ्या-मेंढ्या त्याच माळावर चरतात. त्यांना हरणांकडून काही लागेल?

झिजरोग लागणार नाही, कारण तो इथे नाहीच. मेंढ्यांचा स्वतःचा प्रायॉनचा रोग म्हणजे स्क्रेपी. युरोपात तो अठराव्या शतकापासून माहीत आहे. अंग घासून घासून लोकर जाते, म्हणून ते नाव. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्ये तो आढळल्याची नोंद १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाला तो लागल्याचा पुरावा नाही.

पण धनगर बांधवांना मी उलट प्रश्न विचारतो: तुमच्या कळपाकडून काळविटाला काय लागेल? पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) आणि लाळ्या-खुरकूत या दोन्ही रोगांत जंगली खुरी जनावरांना पाळीव कळपाकडून लागण होऊ शकते. मेंढरांचं लसीकरण वेळेवर झालं तर माळावरची काळविटंही वाचतात. आजारी मेंढरू कळपाबरोबर पाणवठ्यावर नेऊ नका, एवढं तरी करा.

९. मॅड काऊ हाच का? आणि आमच्या गायी माळावर हाडं चघळतात, त्यानं होईल का?

घराणं एक, रोग वेगळे. मॅड काऊ हा गायींचा. ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून जास्त गायींमध्ये तो सिद्ध झाला, आणि मूळ कारण प्रश्न ४ मधलंच: खाद्यातला मांस-हाडांचा चुरा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या वर्गवारीत भारत मॅड काऊसाठी "नगण्य जोखीम" गटात आहे. दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना असा चुरा घालायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे; कोंबड्या, डुकरं, मासे यांचा त्यात अपवाद केलेला आहे. म्हणूनच कोंबडीखाद्याची उरलेली पोती स्वस्तात मिळाली तरी गायी-म्हशींना घालू नका.

हाडं चघळण्याचं कारण वेगळं आहे. कोरड्या माळावरच्या चाऱ्यात स्फुरद कमी पडतं आणि जनावर ते हाडातून भरून काढायला बघतं. त्यातून प्रायॉनची नाही, पण बोटुलिझमची विषबाधा होते: जीभ लुळी पडते, जनावर बसतं आणि उठत नाही. रोज खनिज मिश्रण द्या. ते महाग वाटतं, पण मेलेल्या खिल्लार बैलापुढे त्याची किंमत काहीच नाही.

१०. माणसाला झिजरोग होतो का?

आजवर एकाही माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि अमेरिकेत बाधित हरणांचं मांस अनेकांनी नकळत खाल्लेलं असणार. मकाक माकडांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. स्क्विरल माकडांना मात्र लागण झाली. म्हणून आरोग्य यंत्रणा "होत नाही" असं म्हणत नाहीत, "खाऊ नका" असं म्हणतात. यामागे मॅड काऊचा अनुभव आहे. तो माणसाला लागणार नाही असं ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि १९९६ मध्ये त्यातून माणसांत नवा मेंदूरोग आल्याचं जाहीर करावं लागलं. ब्रिटनमध्येच १७८ माणसं त्यानं गेली. त्यामुळे सावधपणाला घाबरटपणा म्हणू नये.

११. माझा मुलगा विस्कॉन्सिनला असतो. ऑफिसातले लोक शिकारीचं मांस, सॉसेज देतात. त्यानं खावं का?

तपासलेलं असेल तर खावं, नसेल तर नम्रपणे नको म्हणावं. तिथे शिकाऱ्याला हरणाच्या घशातल्या लसिका ग्रंथी तपासायला देता येतात. देणाऱ्याला "टेस्ट केलंय का?" असं विचारलं तर कुणाला राग येत नाही, तिथे तो नेहमीचा प्रश्न आहे. सॉसेजमध्ये अनेक हरणांचं मांस एकत्र मिसळलेलं असू शकतं, म्हणून त्याबाबत जास्त काटेकोर राहावं. मेंदू, मणक्याचा भाग, डोळे, प्लीहा हे तर नकोच. आणि सुट्टीवर येताना ते मांस, शिंगं, कातडं बॅगेत भरून आणू नये. "बाबांसाठी भिंतीवर लावायला" आणलेल्या शिंगांबद्दल मला दोनदा विचारून झालंय. दोन्ही वेळा मी नको म्हटलं.

१२. प्रेशर कुकरमध्ये चांगल्या सात-आठ शिट्ट्या दिल्या तर?

उपयोग नाही. कुकरचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. प्रायॉनसाठी शस्त्रक्रियेची उपकरणं १३४ अंशांवर वाफवतात, शिवाय तीव्र कॉस्टिक सोडाही वापरतात. फॉर्मेलिननं तर तो उलट टिकून राहतो.

१३. आपल्याकडे लांडगे आहेत. आजारी जनावर खाऊन तेच रोग पसरवतील ना?

ही भीती मला खोडून काढायचीच आहे, कारण लांडग्याला मारायला आपल्याकडे निमित्त पुरतं. कुत्र्याच्या कुळात प्रायॉनचा रोग जवळजवळ जडतच नाही. मॅड काऊच्या काळात ब्रिटनमध्ये मांजरं मेली, कुत्री नाहीत. शिकारी प्राणी दुबळं जनावर आधी टिपतात. कोलोरॅडोत प्यूमानं (तिकडच्या मोठ्या रानमांजरानं) मारलेल्या म्यूल डियरमध्ये बाधितांचं प्रमाण जास्त आढळलं. लांडगे असलेल्या प्रदेशात रोग मंदावतो का, यावर तिकडे अभ्यास चालू आहे. कावळे-कोल्ह्यांच्या विष्ठेतून थोडे प्रायॉन पुढे जाऊ शकतात हे खरं, पण कुजत पडलेल्या धडापेक्षा खाऊन संपलेलं धड केव्हाही बरं.

१४. नॉर्वेनं म्हणे अख्खा कळप मारला. इथे आला तर काळविटं मारणार का?

२०१६ मध्ये नॉर्वेतल्या नॉर्डफ्येला डोंगराळ भागात, रेनडियरला पट्टा बांधायला गेलेल्या पथकासमोर एक मादी मेली. तपासणीत ती युरोपातली पहिली बाधित ठरली. सरकारनं त्या भागातला दोन हजारांहून मोठा कळप पूर्ण काढून टाकला आणि माळ काही वर्षं रिकामा ठेवायचं ठरवलं. त्यात १९ जनावरं बाधित निघाली. वाचताना पोटात कालवतं. पण माती एकदा बाधली की परत फिरायला वाट नसते (प्रश्न ६), आणि अमेरिकेनं उशीर केल्याचं फळ त्यांच्यासमोर होतं. इतकं करूनही २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर तो सापडलाच. फिनलंड, स्वीडनमध्ये म्हाताऱ्या मूसमध्ये जो प्रकार दिसतो तो वेगळा आहे आणि फारसा संसर्गजन्य वाटत नाही.

काळविटांचा प्रश्न इथे येतच नाही, प्रश्न ३ पाहा. "रोग आहे" म्हणून कुणी स्वतःच काळवीट मारलं तर तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं.

१५. मग भारतात तो येणार तरी कुठून?

जिवंत प्राण्यांच्या आयातीतून. दक्षिण कोरियानं कॅनडातून पाळायला एल्क आणले. १९९७ मध्ये आलेल्या जनावरांत रोग होता आणि तो कळला २००१ मध्ये. चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता, कारण दोन वर्षं जनावर निरोगीच दिसतं. त्यामुळे साधा महिनाभराचा विलगीकरण काळ या रोगापुढे निरर्थक आहे.

आपल्याला काळजी आहे ती चितळ, सांबर, भेकर, आणि काश्मीरच्या हंगुलची. हंगुल रेड डियरचा सख्खा नातेवाईक, आणि भेकराच्या एका परदेशी भाईबंदाला प्रयोगशाळेत लागण झालेली आहे. बाधित देशातून सारंग कुळातला एकही प्राणी, कितीही देखणा असला तरी, कोणत्याही प्राणिसंग्रहालयानं वा फार्महाऊसनं आणू नये, असं माझं ठाम मत आहे. निसर्गात हा रोग आपोआपही उगवू शकतो का, हा प्रश्न मात्र खुला आहे. २०१८ मध्ये अल्जीरियात उंटांमध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रायॉनचा रोग सापडला, तोही कत्तलखान्यात उंटांचं वागणं वेगळं वाटलं म्हणून.

१६. जिवंतपणी रक्त तपासून कळत नाही का?

खात्रीनं नाही. जिवंत हरणाच्या टॉन्सिलचा किंवा गुदद्वाराजवळच्या लसिका ऊतीचा तुकडा काढून तपासता येतो, पण सुरुवातीची लागण त्यात निसटते. पक्कं निदान मेल्यावर, मेंदूच्या देठाचा ठरावीक भाग आणि घशाच्या ग्रंथी तपासून होतं. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

१७. शेतात मेलेलं काळवीट सापडलं. गुपचूप पुरून टाकलं तर चालेल ना? उगाच चौकशी मागे लागेल.

ही भीती मी समजू शकतो, पण पुरू नका. गुपचूप पुरलेलं धड नंतर सापडलं तर संशय तुमच्यावरच येतो. मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो. १९२६ वर किंवा वनरक्षकाला फोन करा, आणि फोन किती वाजता केला ते लिहून ठेवा. लांबूनच एक फोटो काढा, त्यात जागा कळू द्या. धडाला हात लावू नका, शिंगं काढू नका. वनविभागाची माणसं येईपर्यंत कुत्री येणार नाहीत अशी बाभळीची काटेरी फांदी भोवती टाका. पंचनामा, शवविच्छेदन आणि मग विल्हेवाट हे त्यांचं काम.

शवविच्छेदनाला डॉक्टर आले की त्यांना तीन गोष्टी सांगा: जनावर किती दिवसांपासून आजारी दिसत होतं, आसपास कोणत्या पिकावर कधी फवारणी झाली, आणि वस्तीवरचं कुत्रं पिसाळलेलं होतं का. मेलेलं जनावर बोलत नाही. माळावर रोज असणारे तुम्हीच त्याच्या वतीनं बोलू शकता.